फिनेलला वास नाही

सहा एप्रिलला
जमनाबेन वाघेला बादली खाली ठेवून म्हणाली,
"सिस्टर, फिनेलला वास नाय.
ठेकेदार पानी मारते."
मी मास्कच्या आतून हूं केलं,
स्टोअरच्या वहीत लिहिलं :
फिनेल पातळ. चौकशी व्हावी.
खाली सही, प्र. तांडेल, स्टाफ नर्स, वॉर्ड नऊ.

तेव्हा दिवसाला चाळीस अर्ज भरत होते मी.
ताप आहे का. खोकला. घसा. धाप. जुलाब.
परदेशातून आलात का,
हे गोवंडीच्या पत्र्याखालून आलेल्यांना विचारायचं.
एकजण फार विचार करून म्हणाला,
पनवेलहून.

सकाळी आठला आमचाही अर्ज.
कपाळावर रोखलेलं ते पांढरं पिस्तूल,
सत्त्याण्णव आठ, जा.
अठ्ठ्याण्णव चार, जा.
रेजिना सिस्टर खोकला गिळून रांगेत उभी राहायची.
डॉक्टर फरहीन म्हणाली, पोटऱ्या फार दुखतात,
आम्ही म्हटलं, आमच्या काय कापसाच्या आहेत?
डोकं दुखतंय ते आजाराने
की चष्म्याच्या पट्ट्याने,
थकवा हे लक्षण
की डबल ड्युटी,
आणि प्लास्टिकच्या आत
एप्रिलभर शिजणाऱ्या अंगाला
घाम आला, हे कुणाला सांगायचं?
आमच्या शरीरात
रोगाला लपायला भरपूर जागा होती.

मी माहुलच्या कोळीवाड्यातली.
हॉस्टेलात असताना
बोटांवर लिंबाची फोड घासल्याशिवाय
कुणापुढे हात केला नाही.
केसांतला, पदरातला, डब्यातला वास
वीस वर्षं धूत आले.

सतरा एप्रिलच्या रात्री आईला विचारलं,
जेवायला काय केलंस?
ती बघतच राहिली.
"अगो, तव्यापाशीच तर उभी हायेस."
तव्यावर सुकट तडतडत होती.
धूर दिसत होता.
नुसता धूर.

लसूण ठेचली. बामची डबी उघडली.
मोरीतली बाटली नाकाला टेकवली.
पाणी.
आणि तेव्हा मला
ती बादली आठवली.

अकरा दिवस.
नऊ नंबरच्या प्रत्येक खाटेखालून
तिचं फडकं फिरलं होतं.
ठेक्यावरची बाई, तिचा अर्ज नव्हता,
पिस्तूल फक्त कायम कपाळांसाठी.
तिने तर लक्षण
माझ्या तोंडावर सांगितलं होतं
आणि मी ते
मालाच्या तक्रारीत घातलं.

अर्जात रकाना नव्हता.
तळाशी पेनाने लिहिलं, वास येत नाही.
मेट्रन म्हणाल्या, हे काय लक्षण आहे?
मी म्हटलं, जमनाबेनला विचारा.
जमनाबेन कोण,
हे त्यांना समजावण्यात थोडा वेळ गेला.

मला महापालिकेच्या शाळेत ठेवलं, पाचवी ब.
फळ्यावर तेरा मार्चची वजाबाकी
अर्धी सोडलेली,
हातचा घेतलेला, हिशेब लागला नव्हता.
चौदा दिवस मी ती सोडवत होते,
दर वेळी उत्तर वेगळं.
तिला कुठे ठेवलं, विचारलं तर
कुणी म्हणालं घरीच, कुणी म्हणालं गावी.
गावाला गाड्याच नव्हत्या.

जूनच्या दुसऱ्या सोमवारी
वॉर्डाच्या दारात बादलीचा कडी आपटल्याचा आवाज.
गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकणाऱ्या.
बावीस दिवस कापले, म्हणाली,
हवापाण्याविषयी बोलावं तशी.
मला माफी मागायची होती.
मी स्टोअरची वही काढून बसले.
माझ्या ओळीपुढे लाल शाईत :
तपासले. दर्जा योग्य.

कॅनचं झाकण उघडलं. मी आधी हुंगलं,
लांबून, जळक्या रबरासारखं काहीतरी.
मग ती वाकली.
मास्क खाली ओढला, मी ओरडले नाही.
बराच वेळ वाकून राहिली.

"येते," म्हणाली. "थोडा थोडा येते.
पन सिस्टर,
पानी तर तो मारतेच."